फरशीखालची चकली

मोहन्यात राहणारा माणूस घरं गरम करायचं काम करतो, असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग वर पंख्याकडे. त्याचं काही चुकत नाही. कल्याणच्या आसपास कुठेही जा, होळी झाली की माणसं घामाने निथळायला लागतात ती थेट दिवाळीपर्यंत. आमच्याकडे ऊब हा शब्द गोधडीपुरता आणि अंड्यांवर बसलेल्या कोंबडीपुरता. अशा ठिकाणी राहून साईनाथ भाऊजींनी आपली उमेदीची वर्षं परक्या लोकांच्या जमिनी कोमट करण्यात घालवली. ते माझ्या थोरल्या बहिणीचे, कलाताईचे यजमान. मी मेघना. ठाण्यात घोडबंदर रोडला राहते, बँकेत होते, आता घरी असते, आणि माझी जीभ तिखट आहे असं ताईचं म्हणणं आहे. असेल. तिच्या वाट्याचंही मलाच बोलावं लागलं, त्याला मी काय करू.

भाऊजी मूळचे पाइपफिटर. मोहन्यातल्या कारखान्यात वाफेच्या पाइपांवर त्यांचा हात बसला. कारखाना बंद पडला तेव्हा बरोबरीचे कोणी रिक्षा घेतली, कोणी गावाला गेले. भाऊजी ठाण्यात एका सोलरवाल्याकडे लागले. घोडबंदरला टॉवर भराभर उभे राहत होते आणि प्रत्येक गच्चीवर आंघोळीचं पाणी तापवायला सोलर बसत होते. त्यांचं काम स्वच्छ. जोड गळत नाही, आवाज करत नाही, आणि काम झाल्यावर ते गच्ची झाडून खाली येत. आमच्या सोसायटीचे सोलरही त्यांनीच बसवले. त्यानंतर सेक्रेटरी मला लिफ्टमध्ये मान देऊन बोलायला लागला.

मग त्या सोलरवाल्याला हिमाचलमधलं काम मिळालं. लाहौल म्हणून खोरं आहे, चहूबाजूंनी बर्फाचे डोंगर. तिथे ऊन भरपूर, पण ऊब नाही. थंडीत माणसं दिवसभर लाकूड जाळतात आणि धुराने डोळे चोळत बसतात. तिथल्या घरांच्या छपरांवर सोलर बसवायचे, उन्हाने तापलेलं पाणी टाकीत साठवायचं आणि छोट्या पंपाने ते फरशीखालून फिरवायचं. पाणी कढत नको. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालतो तेवढं पुरे. ते रात्रंदिवस फिरत राहिलं की जमीन हळूहळू उबते, जमिनीमुळे भिंती, आणि मग घरात कोट काढून बसता येतं. भाऊजी हे सांगायचे तेव्हा त्यांचा तळहात हवेत आडवा, सावकाश फिरायचा. समोर ऐकायला कोण आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. माझ्या मोलकरणीलाही त्यांनी हे सगळं एकदा समजावून सांगितलं होतं.

पाइप फरशीखाली घालायचा तोही कसातरी नाही. गरम पाणी आत जाताना आणि गार झालेलं परत येताना दोन्ही पाइप शेजारी शेजारी हवेत, म्हणजे खोली सगळीकडे सारखी तापते. इंजिनिअरने नकाशा दिला होता. तिथल्या मजुरांनी तो उलटा धरला, सुलटा धरला, आणि विडी पेटवली. भाऊजींनी खडू घेतला आणि जमिनीवर चकली काढली. बाहेरून वळत वळत मध्यापर्यंत जायचं आणि त्याच वाटेच्या कडेने वळत वळत बाहेर यायचं. "ये चकली है," ते म्हणाले. मजुरांना पटलं. पुढच्या वर्षी ताईने डबा भरून खऱ्या चकल्या दिल्या, तेव्हा एकाने चकली उजेडात धरून, फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाला, "साईभाई, ये तो पाईप है." आजही त्या खोऱ्यात गवंडी "चकली डालो" म्हणतात. ती खातात हे त्यांतल्या अर्ध्यांना माहीत नसेल.

हे किस्से ऐकायला गोड आहेत. पण पाडवा झाला की भाऊजी बॅग भरायचे आणि नवरात्राच्या तोंडावर परत यायचे, हे गोड नव्हतं. तिकडचं काम उन्हाळ्यातलं. म्हणजे आमच्याकडची सगळी लग्नं, मुंजी, बारशी, आंबे, फणस, मितेशचे निकाल, सगळं ताईने एकटीने केलं. मितेश त्यांचा मुलगा. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये सगळ्या बहिणी जोडीने उभ्या आहेत आणि कडेला ताई, हातात दुसऱ्या कोणाचं तरी पोर घेऊन. त्या वेळी भाऊजी कारखान्यात ओव्हरटाइमला होते. पुढे मितेशच्या लग्नात तेवढे आले, अक्षता टाकल्या आणि चौथ्या दिवशी गेले. ताई कधी भांडली नाही. ती फक्त मे महिन्यात आमरस करायची नाही. "ते आले की करू," म्हणायची, आणि ते येईपर्यंत आंबे संपलेले असायचे. मला याचा इतका राग यायचा की मी मुद्दाम आमरसाचं पातेलं घेऊन मोहन्याला जायचे. ती चमचाभर खायची आणि उरलेला मितेशसाठी झाकून ठेवायची.

तर पहिल्याच घराच्या वेळी भाऊजींच्या हातून एक चूक झाली. घर छेरिंग नावाच्या माणसाचं होतं. तो, त्याची बायको, पोरं आणि त्याची म्हातारी आई. तिला सगळे आमा म्हणत. मोठ्या खोलीत चकली घालताना भाऊजींनी खिडकीपाशी पाइप जवळ जवळ घेतले. कारण आपल्याकडे खिडकीखाली ओटा असतो आणि ओट्यापाशी बाई उभी असते. सकाळी उठल्यापासून तिचे पाय तिथेच. त्यांनी विचारच केला नाही. हात आपोआप तसा चालला. मोहन्याच्या घरात ताई जिथे उभी राहते ती जागा त्यांनी लाहौलमध्ये उबदार करून ठेवली. वरून सिमेंट पडलं, फरशी बसली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की या घरात ओटाच नाही. इथली माणसं खोलीच्या मध्यावर चुलीभोवती मांडी घालून बसतात, तिथेच रांधतात, तिथेच जेवतात. खिडकीखाली चिटपाखरू नसतं.

इंजिनिअरने त्यांना चारचौघांत झापलं. आता फोडायचं कोण, म्हणून तसंच राहिलं. घरी आल्यावर भाऊजींनी ताईला सांगितलं, "तुझ्यामुळे शिव्या खाल्ल्या." ताई म्हणाली, "मी इथं होते." आणि पोळी लाटत राहिली.

जानेवारीत छेरिंगचा फोन आला. मी त्या दिवशी मोहन्यालाच होते म्हणून मला ठाऊक. बाहेर पुरुषभर बर्फ पडलेलं, आणि छेरिंग सांगत होता की आमाने आपलं अंथरूण चुलीजवळून उचललं आणि खिडकीखाली नेलं. दिवसभर तिथेच बसते, तिथेच जपमाळ ओढते, तिथेच झोपते. "साईभाई, आमा वहाँ से हिलती ही नहीं." भाऊजींनी फोन ठेवला तरी उभेच राहिले. मग म्हणाले, "मेघना, मी ती फरशी गरम झालेली बघितलीच नाहीये गं."

तोवर मलाही हे कधी सुचलं नव्हतं. काम उन्हाळ्यात व्हायचं. पाइपात दाब भरून गळती तपासायची, सिमेंट वाळू द्यायचं, फरशी लावायची आणि खाली यायचं. नोव्हेंबरात खिंड बर्फाने बंद. मग खोऱ्यातून कोणी बाहेर नाही, बाहेरचं कोणी आत नाही. ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ती थंडी सुरू व्हायच्या आत भाऊजी मोहन्यात, बनियनवर. दर वर्षी नवी घरं, नव्या फरशा, आणि त्यांच्या पायांना त्या सगळ्या गारच माहीत. जिच्या हाताखाली मूल जन्मलं त्या सुईणीला त्याचं रडणं ऐकायच्या आत घरी पाठवावं, तसं झालं होतं.

"एकदा हिवाळ्यात जायचंय," हे त्या दिवसापासून सुरू झालं. बायको-मुलांना घेऊन देवदर्शनाला जायचंय असं माणसं म्हणतात, तसं ते म्हणायचे. एकदा जायचंय, अनवाणी, त्या खिडकीखाली उभं राहायचंय. बाकी काही नाही. पुढे डोंगराखालून बोगदा झाला, हिवाळ्यातही गाड्या जायला लागल्या. पण तेव्हा कोरोना चालू होता. तो गेला तेव्हा भाऊजींचं वय झालं, साखर वाढली, सोलरवाल्याने नवी पोरं घेतली. उन्हाळ्यात भाऊजी प्रथमच घरी राहिले. ताईने आमरस केला. तर साखरेमुळे त्यांना खाता येईना. दोघं पानावर बसून एकमेकांकडे बघत होते, आणि मी कोपऱ्यातून दोघांकडे. त्या दिवशी मी आमरसाची वाटी तशीच बाजूला सारली.

मग त्यांनी एक उपद्व्याप केला. मोहन्याचं त्यांचं घर वरच्या मजल्यावर, गच्चीला लागून. स्वयंपाकघराची फरशी उखडली होती, ती बदलायची होती. भाऊजींनी मजुराला सुट्टी दिली आणि ओट्यापुढे स्वतः चकली घातली. गच्चीवरच्या सोलरमधून पाणी फिरवलं. बिल्डिंगमध्ये बातमी फुटली. कल्याणात घर गरम करणारा माणूस बघायला लोक चहाच्या निमित्ताने येऊन गेले. खालच्या मजल्यावरच्या रंभाकाकू तर म्हणाल्या, "कलावती, आता पापडही तिथेच वाळव."

"पण भाऊजी, इथे कशाला?" मी विचारलं.

"तिकडे जाणं काही होत नाही. निदान इथली तरी बघतो ना," ते म्हणाले. "जानेवारीत पहाटे लादी गार असतेच की. कला रोज तिच्यावर उभी असते."

जानेवारी आला. बऱ्यापैकी गारठा पडलेली एक सकाळ बघून त्यांनी पंप चालू केला आणि ओट्यापुढे अनवाणी उभे राहिले. थोडा वेळ गेला. काही नाही. त्यांनी व्हॉल्व्ह आणखी उघडला. पुन्हा उभे राहिले. "येत नाहीये काहीच," पुटपुटत पूर्ण उघडला, टाकीतलं सगळं गरम पाणी थेट पाइपात सोडलं, आणि पुन्हा जाऊन उभे राहिले, फिटर उभा राहतो तसे, मान खाली, सगळा जीव तळपायांत. ताई दुधाची पिशवी घेऊन आत आली, फरशीवर पाय ठेवला आणि किंचाळून मागे झाली.

"अहो, भाजतंय. उभे काय राहिलाय त्याच्यावर?"

"भाजतंय?" भाऊजी म्हणाले. त्यांनी खाली बघितलं. एक लादी मधोमध तडकली होती.

दोन्ही तळव्यांना फोड आले होते. त्यांना एकाचाही पत्ता नव्हता. ताईने त्यांना खुर्चीत बसवून पाय वर घेतले तेव्हा ते नवल करून बघत होते, जसे काही पाय शेजाऱ्याचे आहेत.

कल्याणला डॉक्टरकडे दोघांबरोबर मीही गेले. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. हातात नायलॉनच्या दोऱ्यासारखं काहीतरी होतं. "मी पायाला लावलं की सांगा," म्हणाले. त्यांनी अंगठ्याला लावलं, टाचेला लावलं, मध्यभागी दाबलं. भाऊजी डोळे मिटून, लहान मूल परीक्षेला बसतं तसे ताठ बसले होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "लावा ना डॉक्टर." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. ताई भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. मला रडू आलं ते मी खोकला काढून लपवलं.

साखरेने तळपायांच्या शिरा मारल्या होत्या. गेलेलं परत यायचं नाही, आहे ते सांभाळा, घरातही अनवाणी चालायचं नाही, रोज तळवे आरशात बघायचे. ताईने घरी येऊन व्हॉल्व्ह बंद केला, तडकलेल्या लादीवर पायपुसणं टाकलं आणि पोळ्या करायला घेतल्या. भाऊजी हॉलमध्ये पायमोजे घालून बसून राहिले. हिवाळ्यात जायचंय हे वाक्य त्या दिवसापासून घरातून नाहीसं झालं. आणि ते नाहीसं झालं म्हणून मला करमेना. इतकी वर्षं ऐकून मी वैतागले होते, तोंडावर सांगितलंही होतं, "भाऊजी, जायचं तर जा नाहीतर विषय बंद करा." आता त्यांनी खरंच बंद केला तर मला घरात कोणी गेल्यासारखं वाटायला लागलं.

पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात मी मितेशला फोन करून तीन तिकिटं काढायला लावली. मग मोहन्याला जाऊन सांगितलं. भाऊजी म्हणाले, "आता काय उपयोग गं? घड्याळ बंद पडल्यावर वेळ बघायला जायचं." ताई तर उसळलीच. मी तिला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"काय बघायचंय तिथं? जन्मभर तिथंच घातलाय जीव. लग्नं तिथं घालवली, सण तिथं घालवले, मी आजारी पडलेले तेव्हा पण हे तिथंच होते. आता पाय पण तिथंच नेऊन ठेवायचे का? मी नाही यायची."

तिचा शब्द न् शब्द खरा होता. ताई आत गेली, भांडी आपटल्याचा आवाज आला. मी निघताना चप्पल घालत होते तेव्हा ती दारात आली आणि म्हणाली, "तिथं थंडी कितपत असते? माझ्याकडे एकच स्वेटर आहे."

आधी रेल्वे, मनालीपर्यंत बस आणि पुढे टॅक्सी. बोगद्यात शिरलो तेव्हा डोंगरावर झाडं होती. बाहेर पडलो तर रंगच नाही कुठे, सगळं पांढरं, आणि त्याच्यावर डोळे दिपवणारं ऊन. ताईने माझा हात धरला तो सोडला नाही. टॅक्सीवाला तिथलाच, बोलका. "सूरज ढलने से पहले निकलना पड़ेगा जी," त्याने दोनदा बजावलं. उतरत्या उन्हाबरोबर रस्त्यावरचं पाणी गोठतं आणि गाडी घसरते. भाऊजी पुढे बसले होते. खिडकीतून एकेका छपराकडे बोट दाखवत होते. हे माझं, ते माझं, ते दुसऱ्याने केलंय. तेवढंच.

छेरिंगने दारातच त्यांना मिठी मारली. बाहेर नाक गळून पडेल अशी थंडी, आणि आत त्याची मुलगी नुसत्या फ्रॉकवर, पालथी पडून अभ्यास करत होती, उघडे पाय हवेत हलवत. चूल विझलेली होती. उंबऱ्याशी आम्ही बूट काढले. भाऊजी पायमोज्यांना हात घालायला वाकले.

"पायमोजे राहू देत," ताई म्हणाली. "डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"आज काढतो, कला."

त्यांनी पायमोजे काढले, घडी करून खिशात ठेवले आणि खोली ओलांडून निघाले. खिडकीखाली आमा बसली होती, वाळलेल्या जर्दाळूएवढीच उरलेली. छेरिंगने तिच्या कानात ओरडून सांगितलं, "चकलीवाला आया है." तिने भाऊजींकडे निरखून बघितलं, मग अंथरूण स्वतःच्या हाताने ओढून बाजूला घेतलं आणि मोकळ्या झालेल्या फरशीवर दोनदा थोपटलं.

भाऊजी तिथे जाऊन उभे राहिले. मान खाली. छेरिंग हसऱ्या चेहऱ्याने बघत होता, त्याची बायको चहा घेऊन थांबली होती, मुलीने वही मिटली होती. सगळे त्यांनी काहीतरी म्हणायची वाट बघत होते. मला वाटलं, आता खोटं बोला भाऊजी. वा म्हणा आणि चहा घ्या. इतक्या लांब मीच आणलं त्यांना, आणि कशासाठी आणलं ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. त्यांनी पाय जरा सरकवले, वजन या पायावरून त्या पायावर घेतलं.

"कळत नाही," ते म्हणाले. मराठीत म्हणाले, त्यामुळे आम्हा दोघींनाच समजलं. "कला, काहीच कळत नाही गं."

ताईने खाली बघितलं, मग उंबऱ्याशीच बसली आणि आपले पायमोजे काढले. तिचे पाय मी किती वर्षांनी बघत होते. टाचांना भेगा, आणि अंगठा उभं राहून राहून वाकडा झालेला. ती उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"बोल," भाऊजी म्हणाले.

"काय बोलू?"

"काय लागतंय ते सांग."

"गरम नाहीये," ती म्हणाली. "पण बरं लागतंय."

"खिडकीतलं ऊन पडतंय ना तिथे, त्याने असेल. सावलीत ये. इकडे. आता?"

"इथं पण."

"भिंतीपासून हातभर आत जा. तिथे पाइप लांब लांब आहेत. कमी लागेल."

"हो. कमी आहे जरा."

भाऊजींनी डोळे मिटले. "आता उजवीकडे वळ. सावकाश. तिथून वळण आहे."

आणि ताई चालायला लागली. भाऊजी एका जागी उभे राहून तिला वळण सांगत होते आणि ती पाऊल टाकून सांगत होती, इथे जास्त, इथे कमी, इथे मघासारखंच. एकदा ती म्हणाली, "इथं काहीच नाही." ते म्हणाले, "तिथे नसणारच, तिथे खांब यायचा होता." त्यांचा हात पुढे आला होता आणि हवेत फिरत होता, ती जाईल तसा. फरशीखालचा पाइप त्यांना दिसत होता हे मला शपथेवर सांगता येईल. चहा गार झाला. छेरिंगची बायको काही न विचारता तो परत आत घेऊन गेली. इतकी वर्षं या दोघांना मी एका घरात बघितलं, पण एका कामात कधी बघितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि या खेपेला मी खोकले नाही.

ताईचा चेहरा मात्र रडवेला नव्हता. ती मन लावून चालत होती, भाजीत मीठ किती हे जिभेवर घेऊन ठरवावं तशी. मध्येच थांबायची, टाच टेकवायची, बोटं पसरायची, आणि मगच सांगायची. चूक सांगायचं नव्हतं तिला.

बाहेर टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. त्याने पुन्हा हॉर्न दिला, तेव्हा भाऊजींनी डोळे उघडले आणि खिशातून पायमोजे काढले.

"चल कला," ते म्हणाले. "रस्ता गोठेल. झालं माझं."

ताई खोलीच्या मध्यावर, चुलीजवळ उभी होती. तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"थांबू दे त्याला," ती म्हणाली. "अजून अर्धी फरशी राहिलीय. इथून कुठं वळायचं ते सांगा."